बोरिवलीच्या जंगलाचे नियम बिबट्याने ठरवलेत

संध्याकाळी सहाच्या सुमाराला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या रस्त्यावर हमखास एक संवाद ऐकू येतो. वनरक्षक शिट्टी वाजवत लोकांना फाटकाकडे वळवत असतो आणि कुणीतरी म्हणतं, "अहो साहेब, अजून चांगला उजेड आहे, पाच मिनिटांनी काय बिघडतंय?" एकाच वेळी शे-दीडशे माणसांना बाहेर काढणाऱ्या माणसाला या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला उसंत नसते. लोकांचा मग समज होतो, की हा सरकारी खाक्या आहे, कर्मचाऱ्यांची ड्युटी संपली म्हणून आपल्याला हाकलतायत.

खरं कारण वेगळं आहे. या उद्यानातले बहुतेक सगळे नियम बिबट्याच्या सवयींवरून आले आहेत. कधी यायचं, कुठून चालायचं, काय खायचं नाही, काय टाकायचं नाही, या प्रत्येक गोष्टीमागे तो प्राणी कसा जगतो याचा हिशेब आहे. तो हिशेब समजला की नियम जाचक वाटत नाहीत, आणि फिरणंही जास्त निर्धास्त होतं.

उद्यानाचं क्षेत्र सुमारे 104 चौरस किलोमीटर. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव. पूर्वेला भांडुप, मुलुंड, ठाणे. उत्तरेला घोडबंदर आणि वसईची खाडी, खाडीपलीकडे नागल्याचा जंगलपट्टा आणि त्याच्याही पुढे तुंगारेश्वर. दक्षिणेला आरे. तिन्ही बाजूंनी लोकवस्तीने वेढलेल्या या जंगलात वर्षाला लाखो लोक फिरायला येतात, आणि याच जंगलात बिबट्यांची घनता जगातल्या सर्वांत जास्त घनतांमध्ये गणली जाते. पाहुण्याला हे सांगितलं की त्याचा पहिला प्रश्न असतो, "मग रोज कुणाला तरी खात कसे नाहीत?"

गिरणगावातल्या एकाच खोलीत दिवसपाळीचे आणि रात्रपाळीचे कामगार आळीपाळीने पथारी टाकायचे. जागा तीच, माणसं वेगळी, आणि वेळ सांभाळली म्हणून भांडण नाही. बोरिवलीचं जंगल असंच वाटून घेतलेलं आहे. ज्या कान्हेरी रस्त्यावरून दुपारी शाळेच्या सहली जातात, त्याच डांबरावरून रात्री बिबट्या चालतो. त्याला काट्याकुट्यातून जाण्यापेक्षा मोकळा रस्ता सोयीचा असतो. दिवसा तो दाट झाडीत, कातळाच्या कपारीत पडून राहतो आणि अंधार पडू लागला की निघतो. म्हणजे 'अजून चांगला उजेड आहे' असं आपण म्हणतो ती वेळ त्याची उठायची वेळ असते.

एक गैरसमज इथेच दूर करतो. उद्यानात बसमधून जी सफारी होते त्यातले वाघ-सिंह कुंपणाच्या आत ठेवलेले आहेत. मोकळ्या जंगलात इथे वाघ नाही, सिंह तर नाहीच. मोकळा फिरणारा मोठा शिकारी एकच, बिबट्या, आणि तो सफारीच्या कुंपणाबाहेर, म्हणजे आपण चालतो तिथेच असतो.

मोजतात कसे?

जो प्राणी दिसतच नाही तो मोजायचा कसा, हा रास्त प्रश्न. यासाठी कॅमेरा ट्रॅप लावतात. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघाभर उंचीवर, एकमेकांसमोर दोन कॅमेरे झाडाला बांधलेले असतात. समोरून काही गेलं की फोटो निघतो. दोन कॅमेरे का? बिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात आणि डाव्या कुशीवरची नक्षी उजव्या कुशीसारखी नसते. दोन्ही बाजूंचे फोटो हाती आले की परवा गेलेला आणि आज गेलेला प्राणी एकच की दोन, हे सांगता येतं. मग तासन् तास बसून खांद्याजवळचा एखादा ठिपका, मांडीवरची एखादी तुटकी रांग जुळवत बसायचं. फार चिकाटीचं काम आहे.

वन्यजीव संशोधक निकित सुर्वे यांनी 2015 मध्ये उद्यान आणि भोवतालच्या परिसरात असा अभ्यास केला, तेव्हा 35 बिबटे ओळखता आले. 2018 च्या मोजणीत 47 आढळले. यावरून 'बिबटे वाढले, आता शहरात घुसणार' अशी ओरड करणं बरोबर नाही. बिबट्या हद्दीची पाटी वाचत नाही. एखादा नर आज इथे, महिन्याने तुंगारेश्वरकडे. पिल्लं मोठी होतात, जागा शोधत निघून जातात, काही गाडीखाली मरतात. आकडा दर मोजणीत वर-खाली होणारच.

कॅमेरा नसतानाही खूण दिसते. रस्त्याकडेच्या मऊ धुळीत सकाळी लवकर बघा. चार बोटं, मागे एक मोठी गादी, आणि बोटांपुढे नखांच्या खुणा नाहीत, कारण मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात. त्याच आकाराचा ठसा असेल पण बोटांपुढे बारीक टोचे दिसत असतील तर तो कुत्रा. बऱ्याचदा दोन्ही ठसे एकाच वाटेवर मागेपुढे सापडतात, आणि या जंगलाची अर्धी गोष्ट त्यातच आहे.

उष्टं, कुत्रा, बिबट्या

जंगलात बिबट्याला खायला बरंच काही आहे: चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, वानर, माकड, ससा. तरीही त्याच्या विष्ठेच्या तपासणीत कुत्र्याचे केस मोठ्या प्रमाणात सापडतात. चितळ चौकन्नं, चपळ. कुत्रा मध्यम आकाराचा, जंगलाच्या कडेला ठराविक जागी झोपणारा, सहज मिळणारा. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात असा अंदाज मांडला होता की इथले बिबटे मिळून वर्षाला सुमारे 1500 भटकी कुत्री खात असावेत. त्यामुळे कुत्रा चावण्याचे आणि रेबीजच्या लशीचे प्रसंग टळतात, म्हणजे बिबट्यामुळे शहराच्या आरोग्याला फायदाच होतो, असा त्या संशोधकांचा मुद्दा होता.

आता हीच साखळी उलटी वाचा. कुत्री कशामुळे जमतात? उघड्या कचऱ्यामुळे. उद्यानाला लागून असलेल्या इमारतीच्या किंवा वस्तीच्या मागे कचरा साचला की तिथे कुत्री, डुकरं, उंदीर येतात, आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो. तो माणसासाठी येत नाही, पण माणसाच्या दारापर्यंत येतो. सहलीला गेलेल्या कुटुंबाने झाडाखाली टाकलेली बिर्याणीची पत्रावळ याच साखळीची पहिली कडी आहे. म्हणून डबे उघडून बसू नका, उष्टं टाकू नका, माकडांना केळी-वेफर्स देऊ नका असं पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. माकडांचं तर फारच वाईट होतं. एकदा का माणसाच्या हातातून खायची सवय लागली की ती पिशव्या ओढतात, मुलांना ओरबाडतात, मग 'त्रासदायक' ठरतात आणि पकडून नेली जातात. माया म्हणून दिलेल्या केळ्याचा शेवट असा होतो.

पाळीव कुत्र्याला सोबत आणू नये हा नियमही इथूनच आला. तुमच्या दृष्टीने तो घरातला लाडका, बिबट्याच्या दृष्टीने रोजच्या जेवणातला पदार्थ, आणि साखळीचं दुसरं टोक तुमच्या हातात.

पिंजरा लावला की प्रश्न का वाढतो

हा भाग सगळ्यांत कमी समजून घेतला जातो, म्हणून इथे जरा थांबू.

2002 ते 2004 ही वर्षं या परिसराला फार वाईट गेली. उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या लोकांवर एकामागून एक हल्ले झाले, माणसं गेली, त्यात लहान मुलं बरीच. 2004 चा जून महिना तर ज्यांनी त्या भागात काढला ते अजून विसरलेले नाहीत. त्या काळात सरळ वाटणारा उपाय केला जात होता: वस्तीजवळ बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा, पकडायचा आणि दूर जंगलात नेऊन सोडायचा. माणसंही खूश, प्राणीही जिवंत. यात चुकीचं काय?

उत्तर मिळालं जुन्नरमध्ये. तिथे उसाच्या शेतांत बिबटे पिढ्यान् पिढ्या राहतात, उसातच विणी होतात. 2001 पासून तिथे मोठ्या प्रमाणावर पकडापकडी झाली आणि बिबटे दूरच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव शास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की त्याआधी वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते, ते या मोहिमेच्या काळात 17 वर गेले. बिबटे हलवल्यानंतर हल्ले कमी होण्याऐवजी चौपट झाले.

का, ते बिबट्याच्या बाजूने पाहिलं की कळतं. प्रौढ बिबट्याचा स्वतःचा इलाखा असतो. पाणी कुठे, लपायचं कुठे, माणसं कोणत्या वेळी कुठून जातात आणि त्यांना कसं टाळायचं, हे सगळं त्याला ठाऊक असतं. पिंजऱ्यात अडकताना तो गजांवर दात मोडून घेतो, नखं उखडतात. माणसांच्या गर्दीत तासन् तास काढतो. मग त्याला अशा ठिकाणी सोडतात जिथे त्याला काहीच माहीत नाही आणि जिथे आधीच दुसरा बिबट्या मालक आहे. तो तिथे टिकत नाही. घराच्या दिशेने निघतो आणि वाटेत अनोळखी वस्त्यांमधून जातो. इकडे त्याची रिकामी झालेली जागा लवकरच एखादा तरुण बिबट्या पटकावतो, ज्याला त्या वस्तीची घडी माहीत नाही. म्हणजे एक जाणता प्राणी हलवून आपण दोन ठिकाणी दोन बावरलेले प्राणी उभे करतो.

बिबट्या किती चालू शकतो याचा पुरावा 'आजोबा' नावाच्या नराने दिला. 2009 मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला हा बिबट्या बाहेर काढून, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. संशोधकांना वाटलं, आता तो तिथेच कुठेतरी राहील. तो चालत सुटला. घाट, महामार्ग, रेल्वेचे रूळ, कारखान्यांचा वसईचा पट्टा ओलांडत सुमारे 120 किलोमीटरचं अंतर कापून तो थेट मुंबईच्या उंबरठ्यावर, नागल्याच्या जंगलात आला. वाटेत माणसांच्या इतक्या जवळून गेला, तरी कुणालाही त्याने इजा केली नाही. 2011 च्या डिसेंबरमध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाने त्याला उडवलं. ज्या माणसांनी त्याची प्रत्येक हालचाल नकाशावर पाहिली होती त्यांना काय वाटलं असेल याची मला कल्पना करवत नाही.

त्याच 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरण आणि वन मंत्रालयाने माणूस-बिबट्या संघर्षाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. नुसता दिसला म्हणून बिबट्या पकडू नये, हे त्यात स्पष्ट आहे. बोरिवलीत तेव्हाचे उद्यान संचालक सुनील लिमये आणि विद्या अत्रेय यांच्या पुढाकाराने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासाठी मुंबईकर) हा उपक्रम सुरू झाला. सोसायट्या, शाळा, पोलीस, पत्रकार, महापालिका, सगळ्यांशी बोलणं हेच त्याचं मुख्य काम. पकडापकडी आटोक्यात आल्यावर हल्ले एकदम खाली आले. बिबटे मात्र तिथेच होते.

याचा अर्थ धोका शून्य झाला असा नाही. 2021 मध्ये आरेत पुन्हा हल्ले झाले. 2022 च्या दिवाळीत तिथल्या एका तान्ह्या मुलीचा जीव गेला. खरोखर माणसांवर चालून येणारा प्राणी ओळखून पकडावाच लागतो आणि वनखातं तो पकडतंही. प्रश्न आहे तो दिसेल त्या बिबट्याला हलवा म्हणणाऱ्या मागणीचा.

फिरायला जाताना

बळी पडलेल्यांत लहान मुलं जास्त का? बिबट्या सावजाचा अंदाज उंचीवरून घेतो. उभा माणूस त्याच्या नेहमीच्या सावजासारखा दिसत नाही. अंधारात उकिडवं बसलेलं, वाकलेलं किंवा छोटं शरीर तसं दिसू शकतं. म्हणून घरात संडास नसलेल्या वस्त्यांमधली, संध्याकाळी उघड्यावर जाणारी मुलं सगळ्यांत जास्त धोक्यात असतात. हे लिहिताना राग येतो. मुंबईसारख्या शहरात मुलाचा जीव एका संडासावर आणि एका दिव्यावर अवलंबून असावा, यात बिबट्याचा दोष किती?

फिरणाऱ्यांसाठी यातून निघणाऱ्या गोष्टी सरळ आहेत. लहान मुलांना पुढे किंवा खूप मागे एकटं सोडू नका. झाडीच्या कडेला एकट्याने आडोशाला बसू नका. पहाटेचे फिरायला येणारे पास काढून उजाडायच्या आधीच येतात. थंडीत तर सहाला मिट्ट काळोख असतो. त्यांनी दोघा-चौघांनी मिळून, मुख्य रस्त्यानेच चालावं. कानात इअरफोन नकोत. वानर खाकरल्यासारखं ओरडू लागलं किंवा चितळाची तीक्ष्ण हाक सारखी येऊ लागली, तर जवळपास बिबट्या असू शकतो. जंगल तुम्हाला आयती सूचना देतं, ती ऐकू तरी यायला हवी. मोठ्याने गाणी लावणारे तर बाकीच्यांचीही सूचना बुडवतात.

बिबट्या समोर आलाच तर पळायचं नाही. पळणारं शरीर म्हणजे सावज. ताठ उभं राहायचं, मूल असेल तर न वाकता उचलून घ्यायचं, बिबट्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकायचं आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवायची. बहुतेक वेळा तोच आधी निघून जातो. फोटोसाठी मागे जाणं किंवा दहा जणांनी मिळून घेरणं यातूनच अपघात होतात. वस्तीत अडकलेला दिसला तर वनखात्याची हेल्पलाइन 1926, आणि पथक येईपर्यंत गर्दी पांगवणं. अडकलेल्या बिबट्यापेक्षा त्याच्याभोवती जमलेली पाचशे माणसं जास्त धोकादायक असतात.

शिलोंडा किंवा कान्हेरीच्या वरच्या बाजूला जाणाऱ्या आतल्या पायवाटांवर परस्पर जाता येत नाही. निसर्ग माहिती केंद्रातून परवानगी आणि सोबतीला वाटाड्या लागतो. लोक याला पैसे काढायचा धंदा म्हणतात, आणि मला ते पटत नाही. जाणता वाटाड्या सोबत असेल तर तिबोटी खंड्याचं घरटं कुठल्या ओढ्याच्या दरडीत आहे ते लांबून कळतं, कारवीच्या पानाखालची कोळ्याची जाळी दिसते. इथली कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. 2016 मध्ये फुलली होती, मग 2024 मध्ये. वाट सोडून तिच्या रानात शिरणाऱ्यांच्या पायाखाली पुढच्या फुलोऱ्याची रोपं जातात.

पावसाळ्यात बिबट्यापेक्षा पाण्याला भ्यावं. फाटकाशी भुरभुर असते तेव्हा वर कान्हेरीच्या डोंगरावर धो धो कोसळत असतो आणि ओढा बघता बघता भरतो. धबधब्याखाली भिजायला गेलेले तरुण याच कारणाने वाहून गेलेत. उद्यानातले विहार (1860) आणि तुळशी (1879) हे तलाव मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचे, शिवाय दोन्हींत मगरी आहेत. तिथे सहलीला मनाई आहे ती याचसाठी.

कायद्याबद्दल थोडक्यात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय प्रवेश नाही. म्हणजे हातातलं तिकीट ही बागेची फी नसून अटींवर दिलेली परवानगी आहे. प्राण्यांना त्रास देणं आणि कचरा टाकणं, दोन्हींना याच कायद्याने मनाई आहे.

या जंगलात पाड्यांवर राहणाऱ्या वारली कुटुंबांना हे सगळं कुणी शिकवावं लागलं नाही. त्यांच्याकडे वाघोबा देव आहे, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात. अंधारात बोलत, काठी आपटत चालायचं, कोंबड्या-शेळ्या रात्री बंद करायच्या, हे त्यांच्या रोजच्या वागण्यात आहे. या देवाला नैवेद्य दाखवणारा माणूस बिबट्याला घाबरतो, आणि तरी त्याला इथून हाकला म्हणत नाही.

आमच्या भागातल्या सोसायट्यांच्या सभांमध्ये सीसीटीव्हीत बिबट्या दिसला की 'पिंजरा लावा' असं पत्र वनखात्याला जातं. त्याऐवजी तेच पत्र महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला जायला हवं: मागच्या भिंतीलगतचा कचरा रोज उचला, बंद पडलेले दिवे सुरू करा, शेजारच्या वस्तीत चालू स्थितीतलं सार्वजनिक शौचालय द्या, भटक्या कुत्र्यांची नसबंदी करा. बिबट्या यानंतरही कधी तरी रात्री कुंपणावरून जाईल. फक्त त्याला थांबायला कारण उरणार नाही.